बुडत्यास आधी हात द्यावा

आमच्या चोपडे गावाच्या पायथ्याशी शापोरा नदी रुंदावते आणि उजवीकडे मोरजीची वाळू व डावीकडे शापोऱ्याचा किल्ला ठेवून समुद्रास मिळते. अलीकडे चोपडे, पलीकडे शिवोली. आज या दोन तीरांना पुलाने जोडले आहे. पुलापूर्वी येथे फेरीबोट चालत असे, आणि फेरीबोटीच्याही पूर्वी होडी व ती वल्हविणारा तारी. नदीकाठच्या माणसांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. कोणी पाण्यात पडला तर तो कोण, कोठला, उतार दिला होता की नाही, याची चौकशी काठावर आल्यानंतर होते. पाण्यात असेपर्यंत तो केवळ बुडणारा मनुष्य असतो.

हे इतके उघड वाटते की ते लिहून दाखविण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण असे की, वर्गात एकदा युरोपच्या दक्षिणेकडील भूमध्य समुद्रात लहान होड्यांतून जाणाऱ्या निर्वासितांविषयी वाचन चालू असता एका विद्यार्थ्याने प्रश्न केला : "ज्यांना त्या देशाने बोलाविलेच नाही, त्यांना वाचविण्यासाठी इतरांनी समुद्रात का जावे? ते आपल्या जबाबदारीवर निघाले होते ना?" प्रश्न सरळ होता आणि त्यात दुष्टावा मुळीच नव्हता. असाच प्रश्न आज मोठमोठ्या देशांच्या संसदांतूनही विचारला जात आहे. म्हणून त्याचे उत्तर रागाने न देता विचाराने द्यावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरून, विशेषतः लिबिया व ट्युनिशिया या देशांतून, युद्धाने, जुलमाने किंवा दारिद्र्याने पिचलेली माणसे इटलीच्या दिशेने निघतात. त्यांना नेणारे दलाल भरमसाट पैसे घेतात आणि रबरी किंवा जुनाट लाकडी होडीत क्षमतेच्या कितीतरी पट माणसे कोंबतात. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी लाम्पेदुझा या इटालियन बेटाजवळ अशीच एक बोट पेटून उलटली आणि ३६० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर इटलीच्या नौदलाने एक मोठी शोधमोहीम हाती घेतली व एका वर्षात सुमारे दीड लाख माणसांना पाण्यावरून सुखरूप आणले. परंतु खर्च फार होतो आणि इतर देश भार उचलीत नाहीत, या कारणास्तव २०१४ च्या अखेरीस ती मोहीम बंद झाली. जागतिक स्थलांतर संघटनेच्या नोंदींनुसार २०१४ पासून आजवर या एका समुद्रात पंचवीस हजारांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली आहेत.

सरकारी नौका मागे सरल्या तेथे स्वयंसेवक पुढे आले. माल्टा बेटावरून २०१४ साली एक खासगी बचावनौका निघाली. जर्मनीतील काही नागरिकांनी वर्गणी काढून 'सी-वॉच' ही संस्था उभारली. २०१५ साली 'एसओएस मेदितेराने' ही संस्था स्थापन झाली. या नौकांवर व्यवसायाने खलाशी असलेली माणसे असतात. त्यांच्याबरोबर डॉक्टर व परिचारिका असतात, आणि रजा काढून आलेले सामान्य नागरिकही असतात.

त्यांच्या कामाची रीत नदीकाठच्या वाचकांस चटकन समजेल. बचावनौका होडीला एकदम भिडत नाही. मोठी नौका पाहताच भेदरलेली माणसे एका कडेला धावतात आणि होडी त्याच क्षणी उलटते. म्हणून आधी दोन लहान, वेगवान होड्या पुढे जातात. स्वयंसेवक हात वर करून, त्यांच्या भाषेत बोलून, माणसांना खाली बसवितात. मग प्रत्येकाला लाइफ जॅकेट दिले जाते, आणि त्यानंतरच एकेकास उचलून घेतात. पुष्कळदा होडीच्या तळाशी सांडलेले पेट्रोल व खारे पाणी मिसळून त्यात बसलेल्या बायकामुलांची कातडी भाजलेली असते. त्यांना धुऊन, कोरडे करून, मलमपट्टी करून, पाणी पाजून मगच पुढचे सारे. नाव, देश, कागदपत्रे यांचा प्रश्न या सर्व क्रमात फार उशिरा येतो.

अशा सेवेची परंपरा नवी नाही. इंग्लंड व आयर्लंडच्या किनाऱ्यावर काम करणारी 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन' ही संस्था ४ मार्च १८२४ रोजी स्थापन झाली. तिच्या होड्यांवरील बहुसंख्य माणसे स्वयंसेवक असतात. कोणी दुकानदार, कोणी शिक्षक, कोणी सुतार. हाक आली की हातातले काम टाकून ते धक्क्याकडे धावतात. संस्था प्रामुख्याने लोकांच्या देणग्यांवर चालते. दोनशे वर्षांत तिने १ लाख ४० हजारांहून अधिक जीव वाचविले. अलीकडे फ्रान्सकडून इंग्लंडकडे रबरी होड्यांतून येणाऱ्यांनाही ही संस्था वाचवू लागली, तेव्हा २०२१ साली तिच्यावर त्याच देशातील काही लोकांनी कडक टीका केली. संस्थेने एवढेच उत्तर दिले की, संकटात असलेल्यास वाचविणे हे आपले काम आहे. टीकेच्या त्याच दिवसांत संस्थेकडे देणग्यांचा ओघ वाढला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता विरोधकांचे म्हणणे ऐकू. त्यात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, वाचविणारे समुद्रात उभे आहेत हे कळले की अधिक माणसे निघतील. दलालही मग आणखी फुसक्या होड्या देतील आणि त्यांत थोडेच इंधन भरतील. दलालांनी असे केले, ही गोष्ट खरी आहे. परंतु इटलीची मोहीम बंद झाल्यावर माणसे निघावयाची थांबली का? १८ एप्रिल २०१५ च्या रात्री लिबियाच्या उत्तरेस एक जुनी मासेमारी बोट बुडाली आणि सुमारे आठशे माणसे एका रात्रीत गेली. वाचविणारे कमी झाले, निघणारे तरीही निघाले. वाढले ते बुडणारे. ज्याच्या मागे बंदूक किंवा भूक लागलेली आहे, तो समोर नौका आहे की नाही हे पाहून घर सोडत नाही.

दुसरा आक्षेप असा की, आपल्या देशात कोणी राहावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. आपल्या घराचे दार कोणासाठी उघडावे हे घरमालकाने ठरवावे. परंतु घराबाहेरच्या विहिरीत पडलेल्या माणसास वर काढणे आणि त्यास घरात कायमचा ठेवून घेणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. वर काढल्यावर त्याची चौकशी करा. त्याचे म्हणणे खरे की खोटे ते न्यायालयात पाहा. आश्रयास पात्र नसेल तर कायद्याने परत पाठवा. यातील कोणतीही गोष्ट बुडालेल्या माणसाच्या बाबतीत करता येत नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नात नकळत या दोन गोष्टी एक झाल्या होत्या, आणि पुष्कळ मोठ्या माणसांच्या बोलण्यातही त्या अशाच एक होतात. त्या वेगळ्या ठेवाव्यात, एवढेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

समुद्राचा कायदाही हेच सांगतो. १९१० साली ब्रुसेल्स येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात असे ठरले की, समुद्रात जीव धोक्यात असलेल्या प्रत्येकास, तो शत्रू असला तरीदेखील, कप्तानाने मदत केली पाहिजे. अट एवढीच की स्वतःच्या नौकेस गंभीर धोका नसावा. पुढे १९७४ च्या सागरी सुरक्षा करारात, १९७९ च्या शोध व बचाव करारात आणि १९८२ च्या सागरी कायदा करारात हेच कर्तव्य अधिक स्पष्ट झाले. राष्ट्रीयत्व कोणते किंवा कागदपत्रे आहेत की नाहीत, यावर ते अवलंबून नाही.

तरीही कर्तव्य करणाऱ्यांस त्रास झाल्याची उदाहरणे आहेत. जून २०१८ मध्ये 'अक्वेरियस' या बचावनौकेवर ६२९ माणसे असता इटली व माल्टा यांनी तिला बंदरात येऊ दिले नाही. अखेर तिला स्पेनमधील वालेन्सियापर्यंत जावे लागले. जून २०१९ मध्ये कारोला राकेते या जर्मन महिला कप्तानाने दोन आठवड्यांहून अधिक काळ वाट पाहून, बंदी असतानाही, आपली नौका लाम्पेदुझाच्या धक्क्यास लावली. तिला अटक झाली. परंतु काही दिवसांतच इटलीच्याच न्यायाधीशांनी, जीव वाचविण्याचे कर्तव्य ती पार पाडीत होती असे मानून, तिची सुटका केली. २०२३ साली इटलीने नियम केला की, एक बचाव झाला की नौकेने नेमून दिलेल्या बंदराकडे विनाविलंब जावे. हे बंदर पुष्कळदा फार दूरचे नेमले जाते, आणि जाण्यायेण्याच्या त्या दिवसांत मागचा समुद्र मोकळा राहतो.

येथे वाचक म्हणतील, हे सारे दूरच्या देशांचे भांडण. आपला त्याच्याशी काय संबंध? आमच्या मते संबंध आहे, आणि तो आमच्याच नदीत आहे.

इ. स. १५४३ मध्ये बार्देश व सासष्टी हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. पेडणे त्यांच्या राज्यात आले ते १७८८ साली. मधल्या सुमारे अडीचशे वर्षांत शापोरा नदी ही दोन राज्यांची सीमा होती. पलीकडे शिवोलीस पोर्तुगीजांचा कायदा, अलीकडे चोपड्यास दुसऱ्याचा. पोर्तुगीज मुलखात १५४० पासून देवळे पाडली जाऊ लागली आणि १५६० साली इन्क्विझिशनचे धर्मन्यायासन गोव्यात बसले. तेव्हा माणसे आपल्या देवांना घेऊन नद्या ओलांडू लागली. कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास आला. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदीपार डिचोली महालात नार्व्यास आला, जेथे पुढे १६६८ साली शिवछत्रपतींनी त्याचे देऊळ पुन्हा उभे केले. चोडण बेटावरचा देवकीकृष्ण आधी मये येथे व नंतर माशेलास आला. आज आपण ज्या देवळांत जत्रेस जातो, त्यांतील कित्येक देव असे होडीत बसून आलेले आहेत. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकीही अनेक कुटुंबे त्या व पुढच्या काळात गोवा सोडून दक्षिणेस मंगळूरच्या किनाऱ्याकडे गेली. भय कोणा एका धर्माच्याच वाट्यास आले नव्हते.

पलीकडच्या तीरावर त्या वेळी राज्य कोणाचे होते? विजापूरच्या आदिलशहाचे. म्हणजे ज्याच्या हद्दीत देव उतरले, तो राजा त्या देवांचा भक्त नव्हता. तरीही देवांना जागा मिळाली आणि भक्तांना जमीन मिळाली. त्या रात्री होड्या ज्यांनी वल्हविल्या, त्या ताऱ्यांची नावे इतिहासाने जपून ठेविलेली नाहीत. ज्या राज्यातून ते निघाले, त्या राज्याच्या दृष्टीने ते गुन्हेगारच होते. आज त्यांस कोणी गुन्हेगार म्हणेल का? आमची मंदिरे, आमची दैवते, आमची कित्येक घराणी त्या वल्ह्यांची ऋणी आहेत. ज्यांचे पूर्वज होडीतून आले, त्यांनी होडीतून येणाऱ्यांस बुडू द्यावे असे म्हणणे शोभत नाही.

हा धर्म केवळ जुन्या काळाचा नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. त्या अपघातात सहाशेंहून अधिक कोकणी माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबईस बातमी कळावयास कित्येक तास लागले. तेवढ्यात जे थोडे वाचले त्यांतील अनेकांस कोळ्यांच्या मचव्यांनी वर ओढले. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा तेथील मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकांवर चढवून गावोगाव नेल्या आणि हजारो माणसांना छपरांवरून उतरविले. कोणी त्यांना नेमले नव्हते.

त्याहूनही नमुनेदार गोष्ट इंडोनेशियातील आचे प्रांताची आहे. मे २०१५ मध्ये रोहिंग्या व बांगलादेशी माणसांनी भरलेल्या होड्या समुद्रात आठवडेच्या आठवडे तरंगत होत्या, आणि आसपासची राज्ये त्यांना एकमेकांच्या हद्दीकडे ढकलीत होती. त्या वेळी आचेच्या साध्या मच्छीमारांनी शेकडो माणसांना आपल्या होड्यांत घेऊन किनाऱ्यावर आणले. जून २०२० मध्येही, अधिकारी कचरत असता, तेथील गावकऱ्यांनी स्वतः होड्या घालून सुमारे शंभर जणांस उतरविले. त्यांच्यात समुद्राचा एक पिढीजात रिवाज आहे : पाण्यात संकटात सापडलेल्यास मदत केलीच पाहिजे. हे मच्छीमार श्रीमंत नव्हेत. 'आधी आपल्या गरिबांचे पाहा, मग परक्यांचे' असे म्हणणाऱ्यांस त्यांनी कृतीने उत्तर दिले आहे. जो परक्याला हात देतो तो आपल्यांना देत नाही, असे आम्ही तरी पाहिलेले नाही.

गोव्यातील घराघरांत तारवटी आहेत. मालवाहू जहाजांवर नोकरी करून त्यांनी येथील घरे बांधली. भर समुद्रात अशा होडीची गाठ पुष्कळदा प्रथम पडते ती मालवाहू जहाजाशीच. ४ ऑगस्ट २०२० रोजी 'मर्स्क एतिएन' या डेन्मार्कच्या तेलवाहू जहाजाने २७ माणसांना वाचविले. त्यानंतर त्यांना उतरवून घेण्यास कोणतेच बंदर तयार होईना. ते जहाज तब्बल ३८ दिवस समुद्रात उभे राहिले. ११ सप्टेंबरला एका इटालियन स्वयंसेवी नौकेने त्या माणसांना आपल्याकडे घेतले, तेव्हा कोठे ते सुटले. उद्या अशा जहाजावर आपल्याच घरचा मुलगा असेल. त्याने होडी पाहून न पाहिल्यासारखे करावे, असे आपण त्यास सांगणार आहोत काय? आणि त्याने माणुसकी केली तर त्याची शिक्षा त्यास व्हावी काय?

आपलीही मुले परदेशी जातात. १९६१ पूर्वीच्या गोव्यात जन्मलेल्यांस व त्यांच्या संततीस पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविता येते. त्या आधारे गोव्यातील कितीतरी कुटुंबे इंग्लंडात स्विंडनसारख्या गावी जाऊन राहिली. ती विमानाने गेली आणि कागदपत्रे घेऊन गेली, हे खरे. परंतु ते कागद त्यांच्या गुणांनी मिळाले नव्हते. इतिहासाच्या एका वळणाने मिळाले होते. चांगल्या दिवसांच्या शोधात निघणे हे जर आपल्या बाबतीत धाडस ठरते, तर तेच दुसऱ्याच्या बाबतीत गुन्हा कसे ठरते, याचा विचार घरी बसून शांतपणे करावा.

केवळ विचारांवर थांबू नये, म्हणून शेवटी आपल्या हातचे काही सांगतो. भारतीय तटरक्षक दल १९७७ साली स्थापन झाले. समुद्रात कोणी संकटात दिसल्यास १५५४ या क्रमांकावर कळविता येते. हा आकडा प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावा. नदीकाठच्या प्रत्येक मुलामुलीस पोहता यावे. बुडता बुडता वाचलेल्याचा श्वास पुन्हा कसा चालू करावा हे प्रत्येकाने जाणत्याकडून शिकून घ्यावे. पोहता येत नसताना उडी घालू नये. दोर, बांबू किंवा रिकामा डबा फेकावा, कारण एकाच्या जागी दोघे बुडण्यात पुण्य नाही.

आणखी एक गोष्ट. शापोऱ्याच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या ट्रॉलरांवर आज ओडिशा, झारखंड, कर्नाटक अशा दूरच्या भागांतून आलेले कामगार असतात. नदीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी तेथे लाटा फुटतात आणि होड्या धोक्यात येतात. बोटीवर कोण कोण गेले, त्यांची नावे व घरचे पत्ते कोठे लिहून ठेविलेले असतात का? प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असते का? आपल्या दारी आलेल्या परप्रांतीयाचे नाव आपणांस ठाऊक नसेल, तर भूमध्य समुद्रातील परक्याविषयी बोलण्याचा अधिकार आपणांस थोडाच उरतो. बोट सुटण्यापूर्वी नावांची एक यादी काठावर ठेवावी. यास खर्च काहीच नाही.

ज्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला त्यास आमचे उत्तर असे : त्यांना कोणी बोलाविले नव्हते, हे खरे. त्यांनी निघावे की नाही, त्यांना ठेवून घ्यावे की परत पाठवावे, यावर तू उद्या मोठा होऊन जे योग्य वाटेल ते मत दे; आमचे त्याबद्दल भांडण नाही. परंतु ते मत देण्यापूर्वी तो मनुष्य जिवंत किनाऱ्यावर आलेला असावा. ज्या नदीच्या काठी तू वाढलास, तिच्या ताऱ्यांनी हेच केले. आमची अपेक्षा तुझ्याकडून याहून अधिक नाही, आणि याहून कमीही नाही.